एक तोंड कमी

माझ्या वहिनीला लोक हावरट म्हणायचे. पाठीमागे नाही, सरळ माझ्या तोंडावर. मी लाँड्रीत इस्त्री करते. कपडे न्यायला आलेल्या बायका काउंटरवर कोपर टेकून विचारायच्या, "तुझी वहिनी म्हणे पोरांच्या आधी जेवते?" मी म्हणायची, "हो, जेवते. तुमची चादर झाली. घ्या आणि निघा." मालकाने दोनदा समज दिली की गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं. नसेल बाबा. पण माझ्या घरच्या माणसाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझी इस्त्री आणि मी, दोघीही तापतो.

ती आधी जेवायची हे मात्र खरं. ते असं झालं. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. एका सोमवारी तो कामावर गेला तर फाटकाला कुलूप, आणि आत मालकाची खुर्चीसुद्धा नाही. तेव्हापासून तो मिळेल तिथे हमाली करायचा. कधी काम असायचं, कधी नसायचं. माझ्या पगारात खोलीचं भाडं आणि विजेचं बिल कसंबसं भागायचं. राहिलं जेवण. सहा माणसांचं जेवण वहिनीच्या गळ्यात पडलं. भाऊ, ती, मी आणि तिची तीन पोरं: मोठा, मधली नि धाकटा.

पहिले काही महिने तिने सगळ्या बायका करतात तेच केलं. सगळ्यांना वाढलं, मग पातेलं खरवडून पाणी प्यायली, आणि "मला भूकच नाही" म्हणाली. मग एक दिवस उकळती डाळ गॅसवरून उतरवताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती खाली, डाळ जमिनीभर. नशीब, अंगावर सांडली नाही. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडून तिने पहिलं काय विचारलं असेल? "डाळ सगळी गेली का गं?" मला इतका राग आला की मी तिला तशीच पडलेली असताना झापलं.

दुसऱ्या दिवशी ताटं मांडली आणि तिने पहिला डाव स्वतःच्या ताटात घातला. सगळे बघत राहिलो. ती म्हणाली, "आजपासून मी आधी जेवणार. घर माझ्या पायांवर चाललंय. मी आडवी झाले तर तुम्ही काय खाणार, माझं कौतुक?" भाऊ काहीतरी पुटपुटला. "ऐकू येईल असं बोला," ती म्हणाली. त्याने मात्र स्वतःहून ठरवून टाकलं की जोवर नीट काम मिळत नाही तोवर आपण शेवटी जेवायचं. वहिनीने त्यावरून त्याच्याशी भांडून पाहिलं, पण तोही आमच्याच घरचा, अडून बसला की हलत नाही.

आणि काय काय युक्त्या तिच्या! डाळीला एक उकळी आली की गॅस बंद, आणि पातेलं जुन्या रजईत गुंडाळून कोपऱ्यात. दुपारपर्यंत डाळ आपली आपण शिजायची, गॅसचा पैसा न जाता. बेकरीवाल्याकडून आदल्या दिवशीचे पाव सकाळी अर्ध्या भावात आणायचे नि तव्यावर कडक भाजायचे. फ्लॉवरचे दांडे आणि पानं बाकीचे लोक फेकून देतात, ती बारीक चिरून भातात घालायची. बटाट्याची सालं मीठ लावून कुरकुरीत करायची, आणि आमचा धाकटा बटाटा सोडून सालंच मागायचा. तांदूळ तुकडा. पण तुकडा म्हणून कधी नाक मुरडायची सोय नव्हती, ती बोलायची, "तुझ्या पोटात गेल्यावर अख्खाच होतो का?"

भाजीवाल्याशी तर तिने चक्क करार केला. त्याच्या दुकानामागे बटाट्या-कांद्याची पोती पडून असायची, आणि सडका माल निवडायला त्याच्याकडे माणूस नव्हता. वहिनी जाऊन म्हणाली, "एक दिवसाआड मी तुझी पोती निवडून देते. पैसे नकोत. कापलेला, ठेचलेला माल माझा." भाजीवाला म्हणाला, "ताई, असाच घेऊन जा की, काम कशाला?" ती म्हणाली, "असाच घेतला तर तू उद्या माझ्याकडे दुसऱ्याच नजरेने बघशील. पोतं ओत." मग ती दुकानामागे बाह्या सरसावून बसायची, नाकाला फडकं बांधून, हात कोपरापर्यंत चिखलात.

तिथेच मोठीबाईने तिला पाहिलं.

मोठीबाई म्हणजे आमच्या थोरल्या दादाची बायको, वहिनीची मोठी जाऊ. दादाचं फरश्यांचं दुकान आहे, चालतंही बरं. एकुलता एक मुलगा वसतिगृहात. घर चकाचक, पण कामाला आलेली बाई महिन्याच्या वर टिकत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत. दुसऱ्याच दिवशी दोघं आमच्या खोलीवर हजर. सोबत बिस्किटांचा पुडा, आणि तोंडं अशी की जणू कुणी गेलंय.

"सडके बटाटे?" मोठीबाई म्हणाली. "भर बाजारात? आमच्या ओळखीचे लोक जातात गं तिथून!"

"मग त्यांना सांगा, बटाटे घ्यायचे तर तिथेच घ्या," वहिनी म्हणाली. "निवडलेले असतात."

दादाने घसा खाकरला. म्हणाला, "हे बघ, वाद नको. आम्ही ठरवलंय. मधलीला आमच्याकडे पाठवा. खाईल, पिईल, शाळेत जाईल, तिच्या काकूला थोडा हातभार लावेल. आमच्याकडे काही कमी नाही. तुमचंही एक तोंड कमी होईल."

थोडा हातभार! माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा वर्षांची पोर, आणि हिला फुकटची मोलकरीण हवी. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ बोलला. जमिनीकडे बघत बोलला. "तिकडे गेली तर निदान पोटभर खाईल..."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की मला त्याची कीव आली. मग ती दादाकडे वळली. "दादा, रविवारी जेवायला या दोघं. माझ्या हाताने वाढते. त्या दिवशी या घरातलं एक जरी माणूस अर्ध्या पोटी उठलं, तर पोरीला घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही. आणि सगळे पोटभर जेवून उठले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"वहिनी, तुला वेड लागलंय का?" दोघं गेल्यावर मी ओरडले. "पोरगी काय पैजेवर लावायची वस्तू आहे?"

"वन्सं, ओरडू नका. तुमच्या भावाचा जीव आधीच अर्धा झालाय. आज मी नुसतं नाही म्हटलं असतं, तर पुढच्या महिन्यात ते परत आले असते, आणि यांनी हो म्हटलं असतं." मला वन्सं म्हणाली, म्हणजे आतून घाबरली होती. एरवी मला नावाने हाक मारते.

रविवारी पहाटेपासून तिचं सुरू. आठ माणसांचा अंदाज तिने डावाने धरला होता, कुणाला किती लागतं ते तिला पाठ. डाळ रजईत, भातात फ्लॉवरचे दांडे, कडक भाजलेले पाव, बटाट्याची कोरडी भाजी, सालं वेगळी. सगळं बरोबर बसत होतं. एकच चूक केली बाईने. आपली अब्रू राखायच्या नादात जपून ठेवलेलं तेल काढलं, लसूण ठेचला, आणि डाळीला अशी काही झणझणीत फोडणी दिली की खालच्या मजल्यावरचा म्हातारा जिना चढून वास कसला म्हणून विचारायला आला.

मोठीबाईला खुर्ची दिली, बाकी आम्ही सतरंजीवर. वहिनीने पहिला डाव आपल्या ताटात घातला. मोठीबाईच्या भुवया कपाळात. "पोरं बसलीयेत आणि तू आधी?"

"हो. शिजवणारी उपाशी राहिली की पुढचं जेवण जमिनीवर सांडतं. एकदा सांडलंय, पुन्हा नाही सांडायचं," वहिनी म्हणाली आणि शांतपणे पहिला घास घेतला. मग पोरांना वाढलं, मग पाहुण्यांना, मग मला. भाऊ शेवटी.

आता दादाचं ऐका. त्याने डाळीचा एक घास घेतला आणि थांबला. मग दुसरा. मग मान खाली घालून जे सुरू केलं, ते विचारू नका. मोठीबाईकडे जेवण वाफवलेलं, बेताचं, तेल म्हणजे पाप. त्या माणसाने कित्येक वर्षांत लसूण पाहिला नसावा. "अजून आहे का गं?" वहिनीने वाढलं. पुन्हा, "थोडी डाळ." वाढली. पुन्हा ताट पुढे. पाहुण्याला नाही म्हणायला तिची जीभ वळत नाही. तिने वाढलं, आणि मला डाव पातेल्याच्या तळाला घासल्याचा आवाज आला.

भावाच्या ताटात अर्धा डाव पडला. भात दोन घास. पाव संपले होते.

माझं ताट मी आधीच चाटूनपुसून रिकामं केलं होतं, द्यायला काही उरलं नव्हतं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला, पण ती ताठ बसून राहिली. मोठीबाई मात्र शाळा तपासायला आल्यासारखी सुरू झाली. "काय रे, पोट भरलं?" मोठा म्हणाला, भरलं. धाकट्याने ढेकरच दिला. मधली म्हणाली, "भरलं, काकू," आणि उठून आत गेली.

"भाऊजी, तुमचं?"

माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी त्यापायी त्याने माझ्यासकट सगळ्यांचा मार खाल्लाय. तो ताटाकडे बघत म्हणाला, "नाही. माझं नाही भरलं."

"झालं तर मग," मोठीबाई म्हणाली.

आणि तेवढ्यात मधली बाहेर आली. हातात कापडी पिशवी, तीत दोन फ्रॉक आणि शाळेच्या वह्या. सकाळीच भरून ठेवली होती म्हणे. "मी येते काका," ती म्हणाली. "मी गेले तर माझा डाव बाबांना मिळेल."

देवा रे. मी रडले, सरळ रडले, लपवत नाही. वहिनी उठली, पिशवी तिच्या हातातून हिसकावली आणि सगळं सतरंजीवर ओतलं. "कुणी शिकवलं तुला हे? कुणाचा डाव कुणाला द्यायचा ते मी ठरवते! तू ठरवायचं नाहीस! ऐकतेयस?" पोरीला तिने इतकं घट्ट धरलं की ती कण्हली.

मग भाऊ उठला. मला वाटलं, आता हा खाली मान घालून म्हणणार, जाऊ दे तिला. त्याने रिकामी पिशवी उचलली, दोरीवरचा आपला शर्ट ओढला, पिशवीत कोंबला, आणि दारात जाऊन दादापुढे उभा राहिला.

"चल दादा. उपाशी मी उठलोय, ती नाही. न्यायचंच असेल तर मला ने. भांडी घासता येतात मला. लादी पुसता येते. काकूला हातभारच हवाय ना?"

दादाच्या मिशीला डाळ लागलेली होती. तो पातेल्याकडे बघत राहिला, मग भावाच्या ताटाकडे. "मला काय माहीत मोजून केलं होतं," तो पुटपुटला.

"तुम्ही पाहुणे आहात," वहिनी म्हणाली, पोरीला न सोडता. "तुम्हाला मोजून वाढलं नाही, आणि वाढणार नाही. पुढच्या रविवारीही या. उरलं तर वाढेन, नाही उरलं तर पाणी देईन. पण पोरीचं नाव या उंबऱ्यात पुन्हा काढायचं नाही."

मोठीबाई बोलायला गेली, तर दादाच तिला म्हणाला, "उठ. चल." जिना उतरेपर्यंत तिची बडबड ऐकू येत होती.

दार लागलं तरी भाऊ पिशवी घेऊन तसाच उभा. वहिनी म्हणाली, "जायचंय का खरंच?" तो म्हणाला, "भूक लागलीये." आम्ही हसलो, पोरंसुद्धा. तिने उद्यासाठी ठेवलेले बटाटे काढले, उकडले, मीठ लावून त्याच्यापुढे ठेवले. तो सोलत होता तेव्हा मधली त्याच्याजवळ सरकली. त्याने एक दिला. तिने खाल्ला. दुसरा दिला, तोही खाल्ला. तिसरा तिने स्वतःच उचलला, आणि मीठही न लावता खाल्ला.

वहिनी गॅसजवळून बघत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच भाजीवाल्याकडे गेली आणि म्हणाली, एक दिवसाआड नाही, आता रोज येणार, आणि वाटा दुप्पट हवा. त्याने दिला. संध्याकाळी मधलीच्या ताटात पहिल्यांदाच दोन डाव पडले, आणि पोरीने वर बघून का म्हणून विचारलंही नाही, नुसती खाली बघून खात सुटली.

म्हणजे तिला कमी पडत होतं. इतके महिने पडत होतं आणि ती भरलं म्हणत होती. वहिनीने हे मोठीबाईला कधी कळू दिलं नाही. मी सांगते. कळू दे तिला. हो, कमी पडत होतं आमच्या पोरीला, आणि तरीही आम्ही ती दिली नाही.