रिकाम्या टेम्पोतली सहल

पितृपक्ष लागला आणि हमरापुरातला आमचा गणपतीचा कारखाना एकदाचा बंद झाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट... सासूबाईंनी जाहीर केलं, की उद्या कुणी ब्रशला हात लावायचा नाही, सगळ्यांनी रोह्याकडे धरणावर जायचं.

गाडी म्हणजे आमचाच टेम्पो. मूर्ती पोचवून रिकामा झालेला... वर ताडपत्री, खाली पेंढा, त्यावर गोधड्या, कोपऱ्यात स्टोव्ह. आता लोक कॅम्पर व्हॅनचे फोटो टाकतात ना, आमच्याकडे ती तेव्हाच होती. फक्त तिला ऑइलपेंटचा वास यायचा.

मी इतकी दमले होते, की सांगायची सोय नाही. माझ्याकडे आखणी होती, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. सीझनभर मान खाली... डोळे मिटले तरी समोर डोळेच यायचे.

आणि खरं सांगायचं तर नुसती दमले नव्हते, घाबरलेही होते. मला दिवस गेले होते. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं आणि त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. या खेपेला मी फक्त ह्यांना सांगितलं होतं.

त्यात वाटेत वडखळचे खड्डे! पावसाळ्यानंतरचा गोवा हायवे ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. हे म्हणाले, डोकं दुखतंय म्हण आणि घरी राहा. पण मग सासूबाईही माझ्यासाठी मागे राहिल्या असत्या, आणि त्यांचं तर अंग नुसतं आंबून गेलं होतं. चढले मुकाट्याने.

टेम्पो सासरे चालवणार होते. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. बाबा वर्षभरात माझ्याशी जेवढं बोलत, त्याहून जास्त मी एकेका मूर्तीशी बोलत असे. त्या दिवशी मात्र म्हणाले, "चाकावर नको बसू गो. हितं मधी बस, केबिनला पाठ लावून." तिथे पेंढाही जरा जास्तच होता. मला वाटलं, सासूबाईंना मागे वारा हवा असेल.

आणि टेम्पो असा चालला, की सायकलवालेही पुढे जात होते. सासूबाई कुरकुरल्या, "अवो, कदी पोचनार आपून?" बाबांनी गिअर काही बदलला नाही. इतके दिवस मूर्ती वाहून तशीच सवय पडली असणार, मी मनात म्हटलं.

धरण काठोकाठ भरलेलं. काठावर टेम्पो लावला, ताडपत्रीची एक बाजू बांबूंवर ताणून सावली केली. किती दिवसांनी बोंबलाचं कालवण शिजत होतं, पण त्या वासाने मला उमळून आलं... मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले. बाबा उठले, स्टोव्ह उचलला आणि वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवला.

जेवून सगळे आडवे झाले. गप्पा नाहीत, पाण्यात उतरणं नाही... झोपायलाच तर आलो होतो. मीही झोपले आणि किती तरी दिवसांनी मिटल्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही.

परतताना गडबच्या अलीकडे मागून एक ट्रक सारखा हॉर्न देत होता. शेवटी ट्रकवाला बाजूला येऊन ओरडला, "रिकामा टेम्पो हाय ना, मग चालव की!"

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रिकामा नाय. मूर्ती हाय मागं."

मी केबिनला पाठ लावूनच बसले होते, मला स्वच्छ ऐकू आलं. आमच्याकडे सगळ्यात नाजूक मूर्ती नेहमी तिथेच ठेवत... चाकावर नाही, मधोमध, केबिनला टेकवून, पेंढा दुप्पट. मीच कितीदा तशी ठेवायला हात लावला होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली... मी नाही सांगितलं. सासूबाई घोरत होत्या. मी पदर तोंडाला लावून पोटभर रडले, आणि महिनाभर पोटात बसलेली भीती घरी पोचेपर्यंत निम्मी झाली होती.

चैत्रात मुलगी झाली. बाबांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही, मूर्तीच म्हणायचे.

परवा त्या मूर्तीने कुठल्याशा तळ्याकाठून फोटो पाठवला... भाड्याची कॅम्पर व्हॅन, आत गादी, दिवे, सगळा थाट. बाबा आता नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने मीच लिहिलं... सावकाश चालव गो.