सात विहिरींची फाइल

म्हात्रे सर दर रविवारी सकाळी विहिरीवर जात, पण पोहरा न घेता. हातात फक्त एक दोर, त्याच्या टोकाला शिशाचं वजन आणि वीतवीतभर अंतरावर गाठी. उमेळे गावातल्या सात विहिरींत तो दोर सोडायचा, पाणी किती खाली गेलंय ते गाठींवर मोजायचं आणि घरी येऊन आकडे कॉम्प्युटरवर उतरवायचे, असा त्यांचा नेम होता. घरची केळीची बाग, आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर मास्तरांना काय हे खूळ लागलं, असं गावात लोक त्यांच्या माघारी म्हणत. समोर म्हटलं असतं तरी सर हसलेच असते.

आम्ही स्टेशनजवळच्या इमारतीत राहणारी नोकरदार माणसं. मी कॉलेजात होते आणि कॉम्प्युटर क्लासमधलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. वडिलांनी ओळख काढून सरांकडे पाठवलं. "क्लासात प्रोग्रामिंगला जावा भाषा शिकवतात," मी उगाच ऐटीत सांगितलं. सर म्हणाले, "शिकवू दे की. आपन पायथन करू. तो थोडं बोलतो, पन मुद्द्याचं बोलतो." एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून ते स्वतःच पायथन शिकले होते. फळ्यासमोर तीस वर्षं शुद्ध बोललेला हा माणूस घरात मात्र गावचंच बोलायचा.

त्यांच्या सूचना कुठल्या पुस्तकात नव्हत्या. प्रोग्राम अडला आणि पडदाभर लाल मजकूर आला की मी घाबरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागे. "अगं, खालून वाच. रडगानं लांबलचक असतं, पन दुखनं शेवटच्या ओळीत." आकड्यांना मी ए, बी, सी अशी नावं दिली की त्यांचा चेहरा पडायचा. "आपल्या विहिरींना पन नावं हायेत, बाय. पानी म्हनायचं तर पानीच लिही." कुठे काय चुकतंय ते कळेना, तर मध्येच प्रिंट करून बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. समासात ओळी पुढेमागे झाल्या, तर म्हणत, "केळी लावताना अशी लावशील काय?"

एका गोष्टीवर मात्र ते हटून बसत. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर आपलं नाव, तारीख आणि हे कशासाठी केलं ते लिहायचंच. ओळीच्या सुरुवातीला ठरावीक खूण टाकली की पायथन ती ओळ वाचत नाही. मग लिहायची कशाला, असं मी विचारलं होतं. "ती यंत्रासाठी नाय. मागून येनाऱ्या मानसासाठी."

विहिरींचे आकडे एकाच फाइलमध्ये होते. गावात टँकर यायला लागले, रोज विहिरी उपसून इमारतींना पाणी पुरवू लागले, तेव्हापासूनची चार वर्षं त्यात होती. आमच्या इमारतीचं पाणीही त्यातलंच, हे मला ठाऊक होतं. टँकर बंद करा म्हणून तहसील कचेरीत गावाने अर्ज केला होता आणि साहेब पाहणीला आले की सर ही फाइल त्यांच्यापुढे ठेवणार होते.

एका शनिवारी सर आगाशीला लग्नाला गेले होते. त्यांना चकित करावं म्हणून मी आकडे भरायचा नवा प्रोग्राम लिहिला आणि थेट खऱ्या फाइलवर चालवून पाहिला. फाइल लिहायला उघडताना पायथनला सांगावं लागतं: आहे त्याच्या खाली जोडायचं, की सगळं कोरं करून नव्याने लिहायचं. मी दुसरं सांगितलं, नकळत. फाइल उघडून पाहिली तर माझी एकच ओळ होती. दुसरी प्रत नव्हती. सरांनी मला सगळं शिकवलं होतं, आधी प्रत काढून ठेवणं एक सोडून. मी कॉम्प्युटर बंद केला आणि सरांच्या पत्नीला, काकूंना, न सांगता घरी पळाले.

सोमवारी गेले तेव्हा सर पडवीत बसले होते. "माझ्या हातून घोटाळा झाला, बाय. फाइल गेली." मी तोंड उघडलं. सर माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "अरेरे. कशी काय?" त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

साहेब आले, नोंदी मागितल्या. सरांनी चारचौघांत सांगितलं, होत्या, माझ्या चुकीने गेल्या. "मास्तरांचं पानी कॉम्प्युटर प्याला," असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. अर्ज तिथेच पडून राहिला. सरांनी रविवारी पुन्हा दोर उचलला. "गेल्या मे महिन्याचं पानी ह्या मे महिन्यात मोजता येत नाय," एवढंच एकदा बोलले. पुढे गावातल्या मुलांना शिकवताना त्यांची पहिली सूचना असायची: आधी नक्कल काढा, मी काढली नाय म्हणून चार वर्षं घालवली.

मला नोकरी लागली, तीही त्यांच्याच पायथनवर. मी जाणं हळूहळू बंद केलं. वेळ नसतो, असं सांगायचे. खरं म्हणजे तोंड नव्हतं.

सर गेल्यावर काकूंनी बोलावलं, त्यांच्या कॉम्प्युटरमधलं काय ठेवायचं ते बघ म्हणाल्या. विहिरींच्या फाइलशेजारी माझा प्रोग्राम होता. पळताना मी तो पुसलाच नव्हता. डोक्यावर शिस्तीत माझं नाव आणि त्या शनिवारची तारीख. माझी चुकलेली ओळ दुरुस्त केलेली होती आणि तिच्यावर, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी, दुसऱ्या दिवशीच्या तारखेनं: "आता बरोबर. आधी नक्कल, मग प्रयोग. राग नाय, बाय."

म्हणजे सोमवारी मी पडवीत शिरण्याआधीच त्यांना सगळं माहीत होतं.

"काकू, फाइल मी पुसली होती," मी म्हटलं. सांगायला इतकी वर्षं लागली, आणि सांगितलं ते भलत्याच माणसाला.

काकू दारात उभ्या होत्या. "ठाव हाय. मी बोललेली, तिला इचारा. तर बोलले, नको, ती आपनहून सांगेल." मग म्हणाल्या, "दर रविवारी विहिरीवरून आले का पयलं इचारायचे, बाय आलती काय?"