अण्णांचा पहिला प्रयोग

पूर्णा जंक्शनला हैदराबादची गाडी सुटता सुटता अण्णा पाण्याची बाटली घेऊन पळत आले. खिडकीतून ती देत म्हणाले, "आता खऱ्या सायन्सला चाललीस बघ." आईनं डबा आत सरकवला.

अण्णा, माझे वडील, ताडकळसच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. वर्गाला मिळून एक स्पिरिटचा दिवा. प्रयोग ते करायचे, आम्ही बघायचो आणि निष्कर्ष फळ्यावर आधीच लिहिलेला असायचा. जुना लिटमस रंग बदलेना, तरी 'निळा झाला' असंच लिहायचं. गाव सोडून पुण्याला, दुबईला गेलेल्या माझ्या वर्गमित्रांनो, तुम्हालाही आठवत असेल.

हैदराबादच्या लॅबमध्ये असा फळा नव्हता. तुरीच्या मुळांतले जिवाणू कमी पाण्यात झाडाला तगवतात का, हे मला शोधायचं होतं. जिवाणू दिलेली आणि न दिलेली झाडं सारखीच वाळायची. गाइड मॅडम शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा लाव." मला वाटायचं, मीच नापास झालेय. शेवटी मी बॅग भरली आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, चुकीचं उत्तर आलं की तुमी काय करायचात?"

"येऊच द्यायचो न्हाई गं. तुमचे मार्क गेले असते." मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? ज्याचं उत्तर मला आधी माहीत न्हाई, असा एकबी प्रयोग मी जल्मात केला न्हाई."

मी त्या दिवशी निघाले नाही. पुढच्याच आठवड्यात, रिटायर झालेल्या अण्णांनी गच्चीवर तुरीच्या कुंड्या मांडल्या. अर्ध्यांत जिवाणू खत, अर्ध्या तशाच. मग रोज फोन. "आज पाणी तोडलं." "पानं मलूल पडायलीत." आणि एक दिवस, "काहीच फरक न्हाई बघ!" त्यांचा आवाज इतका हरखलेला मी कधी ऐकला नव्हता. मी बॅगेतले कपडे कपाटात लावले. पुढे माझा शोधनिबंध छापून आला. निष्कर्ष होता: फरक आढळला नाही.

यंदा अण्णा गेले. तेराव्यानंतर मी गच्चीवर गेले, तर तिथं मिरचीची रोपं होती.

"काहींना बोअरचं पाणी, काहींना नळाचं," आई म्हणाली. "काय होतंय ते बघायचं म्हणाले. त्यांनी सांगितल्यावाणी मी घालायले."

हैदराबादला माझा फ्लॅट आहे, नोकरी आहे. गावी आता कोण आहे, असं लोक विचारतात. आई आहे. संध्याकाळी मी तिला फोन करते, "आज काय दिसलं?" ती सांगते, मी ऐकते. पुढे काय होणार, ते आम्हा दोघींनाही माहीत नाही.