दोन जुन्या गाद्या

खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं. मग मला बसायला सांगितलं.

क्लबहाउसमधल्या खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती. आयोगाचे साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी धुऊन आणलेली. आमच्या साहेबांनी स्वतःच्या हातानं पेपरची दोन पानं पसरली, कडा नीट आत मोडल्या आणि म्हणाले, "बसा मावशी." समोर आयोगाचे मोठे साहेब होते, टाइप करणारा होता, सोसायटीतले चारपाच जण होते. कुणाला त्यात काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे आधीच सांगते. मी बसले. हललं की कागद वाजायचा. म्हणून हलले नाही.

मी गुरुग्रामच्या एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर स्वयंपाकाला होते. आमचे साहेब पुण्याचे. परदेशी कंपन्या यायला लागल्या तेव्हा त्यांना इकडं नोकरी लागली. वहिनींची मुलगी तान्ही होती. तिला सांभाळायला वहिनींनी मला गावाहून सोबत आणलं. मी विधवा, चौथी पास, गावाबाहेरच्या वस्तीतली. तेव्हा याला गुडगावच म्हणायचे. गॅलरीतून मोहरीची शेतं दिसायची. मग शेतं गेली, टॉवर आले, टॉवरना भिंती आल्या, भिंतींना फाटकं आली.

फाटकाचा एक नियम होता. कामवाल्या बाईच्या हातात काहीही असलं, जुनी साडी असो की रिकामा डबा, मालकाच्या सहीची चिठ्ठी लागायची. चिठ्ठी नसली तर पहारेकरी पिशवी उलटी करायचा. सगळ्यांसमोर. वहिनी इंग्रजी शाळेतल्या. हिंदी त्यांना लिहिता यायचं नाही, पहारेकऱ्याला इंग्रजी वाचता यायचं नाही. म्हणून चिठ्ठी मी लिहायची आणि वहिनी सही करायच्या. माझं अक्षर चांगलं आहे. गुरुजी पाटी वर धरून वर्गाला दाखवायचे. पुढं त्या अक्षरानं मी फक्त चिठ्ठ्या लिहिल्या. तरी मला त्याचा माज होता. खाली बाकावर बसणाऱ्या बाया मला मुंशी मौसी म्हणायच्या. मी त्यांच्यात बसायची नाही.

फुलमणी आमच्याकडं झाडूपोछाला आणि साहेबांच्या आईचं करायला होती. झारखंडची. पस्तिशीची. नवरा टाकून गेलेला, गावी एक भाऊ. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. स्वयंपाकघराच्या मागची, खिडकी नसलेली खोली. पलंग माझा, खालची गादी तिची. ती हसरी होती. मला चिडवायची.

"मुंशी मौसी, मेरी भी चिट्ठी बना दो. एक फुलमणी, पुरानी, चालू हालत में. गेट से बाहर जाने दिया जाए."

मी म्हणायची, "गप झोप."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. खोकला आला. त्या दिवसांत केस निघाली की सरकारी माणसं येऊन टॉवर बंद करायची, दारावर कागद चिकटवायची. त्याच आठवड्यात साहेबांच्या मुलीचं अमेरिकेचं विमान होतं. साहेब सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी फुलमणीला तळघरातल्या सामानाच्या खोलीत ठेवलं. आमच्या खोलीतल्या दोन्ही गाद्या तिच्यासोबत खाली गेल्या. सहाव्या मजल्यावर डॉक्टर राहायचे. त्यांना कुणी बोलावलं नाही.

मी तीन दिवस दाराशी जेवण ठेवलं. दोन दिवस ती उठून घ्यायची. तिसऱ्या दिवशी आतून एवढंच म्हणाली, "मौसी, पानी गरम है क्या?" गरम नव्हतं. मी म्हटलं, आणते. लिफ्टनं वर आले, तर वहिनी माझीच वाट बघत होत्या.

"मावशी, एक चिठ्ठी लिहा ना पटकन. जुन्या गाद्या दोन, चादरी चार. टेम्पो आलाय."

"आणि फुलमणी?"

"तुम्ही लिहा ना, प्लीज. साहेब बघताहेत सगळं."

मी लिहिलं. पुराने गद्दे दो, चादर चार. खाली तारीख, फ्लॅटचा नंबर. वहिनींनी सही केली. मला माहीत होतं. माझ्याकडून लबाडीनं लिहून घेतलं, असं मी म्हणणार नाही. बेबीला, त्यांच्या मुलीला, मी वाढवलं होतं. तिचं विमान चुकू नये असं मलाही वाटत होतं.

गॅलरीतून मी बघितलं. एक गादी खाली, तिच्यावर फुलमणी, आडोशाला दुसरी गादी उभी टेकवलेली. टेम्पो फाटकाशी थांबला. पहारेकऱ्यानं चिठ्ठी वाचली, आत डोकावला, साहेबांकडं बघितलं आणि दांडा वर केला. रजिस्टरमध्ये फुलमणीच्या नावापुढं लिहिलं, अपनी मर्ज़ी से गाँव गई.

गॅसवर पाणी उकळत होतं. मी ते बंद केलं.

महिन्याभरानं तोच टेम्पोवाला कुणाचा तरी फ्रीज न्यायला आला. मी खाली जाऊन त्याला गाठलं. तो बोलायला तयार नव्हता. मग बोलला. दोन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्याच्या बाहेर रांगेत असताना तिनं मान टाकली. पोलीस विचारतील म्हणून त्यानं तिला चादरीसकट दवाखान्याच्या फाटकाशी ठेवलं आणि निघून आला. तिचा कुठलाच कागद त्याच्याकडं नव्हता. होती ती गाद्यांची चिठ्ठी, आणि ती पहारेकऱ्यानं ठेवून घेतली होती. म्हणजे तिला कुणी जाळलं असेल तर बिननावाची म्हणून.

ही गोष्ट मला माहीत होती, तेव्हा मी त्या पेपरवर बसले होते.

सरकारनं महामारीत काय केलं, कुठं चुकलं, हे तपासायला तो आयोग नेमला होता. आयोगाचे लोक ठिकठिकाणी जाऊन जबान्या घेत होते. आमची सोसायटी त्यांना चांगलं उदाहरण म्हणून दाखवली होती. मोठ्या साहेबांनी मला हिंदीत विचारलं, "यहाँ काम करने वालों को कोई तकलीफ़ हुई?"

आमचे साहेब माझ्या शेजारीच उभे होते.

मी म्हटलं, "नहीं साहब."

मोठ्या साहेबांनी टाइप करणाऱ्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मी दोन शब्द बोलले होते. त्याची बोटं कितीतरी वेळ चालली. मी उठले तेव्हा पेपर माझ्या साडीला चिकटून वर आला. कुणीतरी हसलं.

अहवाल आला त्या दिवशी घरात पेढे आणले. वहिनींनी आमच्या सोसायटीचा भाग मोठ्यानं वाचला, मग मला मराठीत सांगितला. "मावशी, तुमच्यामुळं बरं का. लिहिलंय की इथं घरकामगारांना कुटुंबासारखं सांभाळलं. एकही मृत्यू नाही."

मी पेढा हातात धरून उभी होते.

फुलमणीच्या भावाचे फोन यायचे. वहिनी सांगायच्या, ती गेली, आम्हाला माहीत नाही. पेढ्यांनंतर काही दिवसांनी वहिनी अंघोळीला गेल्या असताना फोन वाजला आणि मी उचलला.

"मौसी, दीदी का कुछ पता चला? यहाँ सब बोलते हैं किसी के साथ भाग गई. माँ घर से निकलती नहीं."

मी फोन ठेवला.  भाऊ तिकडं हॅलो, हॅलो करत राहिला असेल. चटका मला तेव्हा बसला. तिला मारलं एकानं, टाकलं दुसऱ्यानं, पण तिला भलता बट्टा लागला होता, आणि तो माझ्या दोन शब्दांवर टिकून होता. कामवाल्यांपैकी आयोगानं दुसरं कुणाला विचारलंच नव्हतं.

संसदेचं पत्र आलं ते माझ्या नावाचं. इतक्या वर्षांत माझ्या नावाचं पहिलंच पत्र, ते साहेबांनी फोडलं. संसदेची एक समिती आयोगाचा अहवाल तपासत होती. आयोगानं चौकशी नीट केली की नाही, हे बघायचं तिचं काम. अहवाल ज्यांच्या जबान्यांवर लिहिला, त्यांतल्या काही जणांना बोलावलं होतं. साहेबांनाही आणि मलाही.

गाडीत साहेब म्हणाले, "घाबरायचं नाही. आयोगाला सांगितलंत तेच सांगायचं. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांच्यासोबत इतकी वर्षं राहिले, पण गाडीत मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

तिथं एकेकाला आत बोलावतात, हे साहेबांना ठाऊक नसावं. माझं नाव पुकारलं तसे तेही उठले. शिपायानं त्यांना हातानं थांबवलं. मी एकटी आत गेले. लांब वाकडं टेबल, प्रत्येकापुढं माइक. एक जण काजू खात होता, दोघं मोबाइलमध्ये होते. खुर्चीवर काही अंथरलेलं नव्हतं. मी तरी आधी खाली बघितलं. सवय.

अध्यक्षबाईंनी विचारलं, आयोगापुढं दिलेली जबानी बरोबर आहे का.

मी म्हटलं, "नाही." मग आठवलं, हिंदीत बोलायचं. "झूठ है. मैंने झूठ बोला था."

काजू खाणारा थांबला. मी सगळं हिंदीतूनच सांगितलं. ताप, तळघर, विमान, टेम्पो, दवाखान्याचं फाटक. चिठ्ठी माझ्या हाताची आहे हेही सांगितलं. एका खासदाराला जोर चढला. तो पुढं वाकून म्हणाला, "अम्मा, साफ़ बोलिए, सरकार ने मारा न उसको?"

मी म्हटलं, "दवाखान्यात जागा नव्हती, ते सरकारला विचारा. गाद्यांत घालून आम्ही पाठवलं. ते मला विचारा."

त्याचा उत्साह गेला. दुसरा खासदार घड्याळ बघत म्हणाला, हा एका सोसायटीचा घरगुती मामला आहे, इथं कशाला. मी त्याला विचारलं, "आयोगानं लिहिलं एकही मृत्यू नाही. कुणाला विचारून लिहिलं? मला. मी पेपरवर बसले होते आणि मालक शेजारी उभा होता. तळघर बघितलं नाही, रजिस्टर ताडून बघितलं नाही. माझे दोन शब्द मी परत घेते. ते वाक्य काढा."

अध्यक्षबाईंनी फुलमणीचं पूर्ण नाव विचारलं. ते मला माहीत नव्हतं. एका खोलीत सात वर्षं झोपलो आणि मला तिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. समितीच्या त्या खोलीत मला लाज वाटली ती एवढ्याचीच.

परतताना साहेब पुढं बसले. 

मला वाटलं संपलं. पण संसदेची एक पद्धत आहे. साक्षीदार जे बोलला ते शब्दाला शब्द टाइप करून त्याच्याकडं पाठवतात. काही चुकलं असेल तर दुरुस्त करून परत पाठवायचं. ते कागद आले. साहेबांनी ते जेवणाच्या टेबलावर मांडले, पेन ठेवलं आणि मला म्हणाले, "बसा." त्या टेबलावर तोवर मी फक्त वाढलं होतं.

"दुरुस्ती करायची सोय आहे, मावशी," साहेब म्हणाले. "कुणी विचारणार नाही. इथं लिहा, वय झालं आहे, नीट आठवत नाही."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. "आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का? बेबी तुम्हाला आजी म्हणते. यार, पोलीस येतील आता घरी."

"येऊ देत," मी म्हटलं.

"तुम्हालाही धरतील. चिठ्ठी तुमच्या अक्षरात आहे."

"आहे ना. तेच तर सांगून आले."

मी कागद वाचले. मला वाचायला वेळ लागतो. दोघं उभे राहिले, मी बसून वाचलं. सगळं बरोबर होतं. एकाच ठिकाणी, अगदी वर, लिहिलं होतं, एक नौकरानी की मृत्यु के संबंध में. मी नौकरानी खोडलं आणि वर नाव लिहिलं. पूर्ण नाव. ते आदल्या दिवशी भावाला फोन करून विचारलं होतं. त्याला सगळं सांगितलंही होतं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मौसी, आपने तब क्यों नहीं बोला?" मी म्हटलं, घाबरले. दुसरं उत्तर नव्हतं. अजून नाही.

सही केली. कागद घडी करून पोलक्यात ठेवले. टपालात मी स्वतः टाकणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ट्रंक घेऊन खाली आले. फाटकावर तोच पहारेकरी. तो माझ्याकडं बघेना. पण नियम तो नियम.

"मौसी, चिट्ठी?"

"माझी ट्रंक आहे."

"मालिक का साइन चाहिए."

त्यानं वर फोन लावला. वहिनींनी उचलला नाही. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. लिहिलं, एक ट्रंक. खाली सही केली, माझी. त्यानं कागद बघितला, मला बघितलं आणि दांडा वर केला.

आता मी टॉवरच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहते. भाकऱ्या करून देते. समितीचा अहवाल अजून संसदेत ठेवलेला नाही. पोलीस दोनदा येऊन माझं अक्षर तपासायला घेऊन गेले. त्यांनी मागितलं त्याहून मी एक पान जास्त लिहून दिलं. साहेबांच्या घरी ते गेले की नाही, मला माहीत नाही. फुलमणी कुठल्या स्मशानात गेली, तेही कळलेलं नाही. आयोगाच्या अहवालात ते वाक्य आहे तसंच आहे.

दर पंधरा दिवसांनी मी समितीच्या कचेरीला पत्र टाकते. उत्तर येत नाही. पत्राच्या सुरुवातीला तिचं पूर्ण नाव असतं, मग ही ओळ: तिला दोन जुन्या गाद्या म्हणून फाटकाबाहेर काढलं, ती चिठ्ठी मी लिहिली. मग विचारते, वाक्य काढलं का. नसेल काढलं तर पुढच्या पंधरवड्याला परत विचारीन. मी म्हातारी आहे, लवकर मरेन, असं कुणी तिथं धरून चाललं असेल. फुलमणीच्या भावाला समितीचा पत्ता दिलेला आहे, आणि त्याच्या मुलीला लिहिता येतं.