खिळ्यावरची केबल

आधीच सांगून टाकते, या सदरात लोक जे काही लिहितात त्यातलं एक अक्षर मला पटत नाही. कुणाला पिंपळाखाली हाक ऐकू येते, कुणाला गाडीच्या आरशात बाई दिसते, कुणाकडे पैंजणं वाजतात... मी वाचते, हसते आणि मैत्रिणीला पाठवते, म्हणजे तिलाही हसता यावं. शहाद्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं लोकांची मशीनं उघडते आहे आणि आतून आजवर धूळ, मेलेल्या पाली आणि एकदा मंगळसूत्राचा मणी निघाला. भूत निघालेलं नाही. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या मागे डोकावतं आणि विचारतं, "साहेब कुठे गेले?" साहेब नाहीच, मीच आहे, हे दिवसातून चारदा सांगून माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. तेव्हा माझ्या भाषेबद्दल तक्रार नको.

जे घडलं ते मला स्वतःला घडलं, भरदुपारी, लाइट चालू असताना. जागा म्हणजे खापर, तालुका अक्कलकुवा. गुजरात इतकं जवळ की मोबाइल अधूनमधून तुमचं परराज्यात स्वागत करतो. तिथे माझ्या मामांचं ऑनलाइन सेंटर आहे — दाखले, अर्ज, रेशनकार्डाची कामं. रस्त्याच्या बाजूला काचेचा दरवाजा, आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मागच्या दारातून सरळ मामांच्या घरात जाता येतं.

मामा त्याच्या आदल्या वर्षी हार्टने गेले. ते असताना त्यांची एक सवय होती, आणि त्या सवयीची मी यथेच्छ टिंगल केली आहे. खुर्चीवरून उठायचं झालं — जेवायला, लघवीला, अगदी कोपऱ्यातल्या माठाचं पाणी प्यायलासुद्धा — की मामा आधी नेटची केबल उपटायचे, तिचे दोन वेढे करायचे आणि भिंतीतल्या खिळ्याला टांगायचे. आले की परत लावायचे. दिवसातून वीस वेळा. "आपण जागेवर नसताना घराचं दार उघडं ठेवतो का?" असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावून थकले की मामा, व्हायरस काय तुम्ही पाणी प्यायला जायची वाट बघत बाहेर बसलेला नसतो. शेवटी त्यांना 'केबलबाबा' म्हणायला लागले. चारचौघांत म्हणायचे. ते हसायचे आणि केबल काढायचे.

ते गेल्यावर सेंटर मामी चालवते. दहावी शिकलेली, टायपिंग बरं, पण केबल काढायचं काही तिच्या डोक्यात नाही. आणि खरं सांगायचं तर खिळ्यापर्यंत तिचा हातही पोचत नाही. मामा सहा फुटी होते, खिळा त्यांच्या हिशेबाने ठोकलेला. माझाही पोचत नाही. स्टुलावर चढावं लागतं. हे लक्षात ठेवा.

एका सकाळी मामीचा फोन आला. "बेटा, कम्प्युटर येडं व्हई गयं. काही बी दाबं तं बाया नाचतीस."

मी विचारलं, "मामी, तू काय दाबं व्हतं?"

"मी काही नही दाबं. त्यानावर अपडेट करा लिखेल व्हतं, मंग करी टाकं."

मी कपाळावर हात मारला. हा रोग मला पाठ आहे. एखादी साइट उघडली की मध्येच पाटी येते — आपले ब्राउझर कालबाह्य झाले आहे, त्वरित अद्ययावत करा — खाली मोठ्ठं निळं बटण. ती पाटी ब्राउझरची नसतेच, कुठल्यातरी चोराची असते. ब्राउझर आपला आपण अपडेट होतो. फारच शंका आली तर त्याच्या मेनूत जाऊन बघायचं. कुठलंही वेब पेज कधीही, कुठल्याही जन्मी, तुम्हाला ब्राउझर देत नाही. एवढी साधी गोष्ट, पण सांगून जीभ झिजली तरी लोक दाबतातच.

मी मामीला फोनवरच झाडलं. ती शांतपणे म्हणाली, "रेशनकार्ड अपडेट नही करं तं रेशन बंद व्हस. गॅस अपडेट नही करं तं गॅस बंद व्हस. दिवसभर लोके आठे अपडेट कराले रांग लावतस. मंग कम्प्युटर म्हणी ऱ्हायना अपडेट कर, तं मी नही कसं म्हणू?"

मी फोन ठेवला. पण विचार केला की बाईचं बरोबर आहे. आमच्या जिल्ह्यात 'अपडेट' हा शब्द ऐकून माणूस नाही म्हणूच शकत नाही. नाही म्हटलं की नाव कटतं. चोरांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांचं काम आयतंच झालं.

दुपारी खापरला पोचले तर सेंटरमध्ये मामीबरोबर एक मुलगी बसलेली. रमिला वसावे, वरच्या डोंगरातल्या पाड्याची. नर्सिंगला नंबर लागलेला, पण जात पडताळणीसाठी तिच्या पणजोबांची जुन्या काळातली शाळेची नोंद हवी. ते पान मामांनी दोन वर्षांपूर्वी शाळेत जाऊन स्कॅन करून आणलेलं. नंतर ते रजिस्टर वाळवीने खाल्लं. म्हणजे आता ते पान जगात एकाच ठिकाणी होतं — या, बाया नाचणाऱ्या, मशीनमध्ये.

"मॅडम, ते मिळेल ना? उद्या नंदुरबारला द्यायचंय. नाही दिलं तर सीट जाईल."

"आहे तिथून कुठे जातंय," मी म्हटलं. "बाहेर बसा दोघी. माझ्या मानेवर श्वास सोडत कुणी उभं राहिलं की मला काम सुचत नाही."

मामी आणि रमिला बाहेर ओट्यावर गेल्या. रमिला बसायला स्टूल घेऊन गेली. काचेतून मला दोघी दिसत होत्या. मागच्या दाराला मी माझ्या बाजूने कडी घातली, कारण शेजारची एक बाई 'काय झालं, काय झालं' करत आत यायला बघत होती. आता खोलीत मी एकटी.

यापुढचं लिहायला मला लाज वाटते. पण सतरा वर्षं दुसऱ्यांना हसले, तर एकदा लिहायलाच हवं.

अशा मशीनवर पहिलं काम काय करायचं? नेट तोडायचं. दुसरं काम? स्वच्छ पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून महत्त्वाच्या फाइली बाहेर काढायच्या. साफसफाई त्यानंतर. हे मी दुकानात चालवते त्या क्लासमध्ये शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते. आणि त्या दुपारी मी काय केलं? नेट चालूच ठेवलं, कारण मला पाचची एसटी पकडायची होती. म्हटलं, साधा जाहिरातींचा किडा आहे, एक सफाईचं टूल डाउनलोड करते, दहा मिनिटांत संपवते. पेनड्राइव्ह पर्समध्येच राहिला. रमिलाचं पान कॉपीसुद्धा केलं नाही.

टूलच्या साइटवर जायला निघाले तर मध्येच एक पान आलं. स्वच्छ इंग्रजी, बरोबर रंग, बरोबर चिन्ह. तुमचा ब्राउझर जुना आहे, आधी अपडेट करा. आता मामांचा ब्राउझर खरोखरच जुना होता, मी दोन मिनिटांपूर्वी तेच पुटपुटले होते. मी दाबलं. हो, मीच. मामीला फाडून खाणारी मी.

फाइल उतरायला वेळ लागत होता. खापरचं नेट ते. मी उठले, माठातून पाणी घेतलं, काचेजवळ उभं राहून प्यायले. बाहेर मामी रमिलाला काहीतरी सांगत होती. कॉम्प्युटरकडे माझी पाठ होती ती तेवढीच, फार तर एक मिनिट. परत येऊन बसले, फाइल उतरलेली होती. उघडली. परवानगी विचारली, 'हो' म्हटलं. पट्टी आली, जरा सरकली आणि थांबली. इंटरनेट जोडलेले नाही, पुन्हा प्रयत्न करा.

मी नेट कंपनीच्या नावाने एक शिवी दिली आणि केबल हलवून बघायला हात मागे घातला. केबल नव्हती. टेबलाखाली वाकले, खालीही नव्हती. वर पाहिलं.

केबल खिळ्याला टांगलेली होती. दोन वेढे करून.

आता ती केबल मी आल्यावर स्वतः तपासली होती. घट्ट होती, हिरवा दिवा लुकलुकत होता. फाइल तिच्यातूनच उतरली. खिळा माझ्या हाताच्या वर. स्टूल बाहेर रमिलाच्या बुडाखाली. मागच्या दाराची कडी घातलेली, पुढच्या दारात मी स्वतः पाणी पीत उभी.

मग नजर स्क्रीनवर गेली आणि पहिल्यांदाच मी त्या पानाचा पत्ता वाचला. ना ब्राउझरचा, ना टूलचा. अक्षरांची खिचडी नुसती. मामीच्या आधीच्या किड्यानेच मला वाट चुकवून तिथे नेलं होतं. मी विजेची तार ओढून मशीन बंद केलं, बाहेर जाऊन रमिलाकडून स्टूल मागितलं, कशाला ते सांगितलं नाही. पण केबल खाली काढली नाही. नुसती चढून हात लावून बघितला. गार होती, केबल असते तशी.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. माझ्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, मामांचं सगळं फोल्डर बाहेर घेतलं. रमिलाचं पान होतं. तिच्या पणजोबांचं नाव, जात, गाव, तिरप्या जुन्या अक्षरात. तिला माझ्या लॅपटॉपवर दाखवलं तर ती स्क्रीनला बोट लावून एकेक अक्षर वाचत होती. मग डिस्क पूर्ण पुसली, विंडोज नव्याने टाकलं, पासवर्ड सगळे दुसऱ्या मशीनवरून बदलले. एसटी गेली, अर्थातच.

ती 'अपडेट'ची फाइल मात्र मी पुसायच्या आधीच बाजूला काढून शहाद्याला आणली. भंगारातलं एक मशीन होतं, त्यात आलतूफालतू फोटो टाकले, नेट जोडलं आणि ती चालवली. चहाला उकळी येईपर्यंत सगळे फोटो कुलूपबंद. एक उघडेना. नेट काढून चालवली तर पट्टी जराशी सरकून तिथेच थांबली, खापरला थांबली तशी. म्हणजे ती केबल खिळ्यावर नसती तर रमिलाचं पान मी माझ्या हाताने, माझ्या शहाणपणाने संपवलं असतं.

खापरहून निघायच्या आधी मी मामीला केबलचं सांगितलं होतं. वाटलं, घाबरेल. ती चहा गाळत होती.

"तू खुर्चीवरथून उठनी व्हती का?"

"पाणी पेवाले उठनू."

"मंग तुना मामा काढीच लेतस," मामी म्हणाली आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"पण तू दाबं तव्हय काब्र नही काढं?"

"मी कोठे उठनू? बठेलच व्हतू."

तिला यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. मी चहा घेतला. डोळे भरून आले ते मात्र लपवता आले नाहीत. चारचौघांत केबलबाबा म्हणायचे मी त्यांना. माफी मागायची राहून गेली होती.

आता खाली कमेंटमध्ये विद्वान येतील. क्लिप तुटलेली असेल, केबल गळून पडली असेल. अहो, केबल गळते ती खाली. वर चढून दोन वेढे घेत नाही. उंदीर म्हणाल तर तो उंदीर मला दाखवा, कामाला ठेवते. मीच बेसावधपणे काढली असेल म्हणणाऱ्यांनी खापरला जाऊन माझ्या उंचीने त्या खिळ्याला हात लावून दाखवावा. याहून चांगलं स्पष्टीकरण मलाही हवं आहे. आजवर सापडलेलं नाही. तुमच्या पिंपळांवर आणि पैंजणांवर माझा अजूनही काडीचा विश्वास नाही, हेही लिहून ठेवते.

रमिला आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आणि शहाद्याच्या दुकानात मी एक खिळा ठोकला आहे, माझ्या उंचीचा. उठताना केबल काढते, दोन वेढे करते, टांगते. गिऱ्हाइकं बघून हसतात, हसू देत. कधीतरी मुद्दाम लावलेलीच ठेवून पाणी प्यायला उठावं आणि बघावं, असं रोज मनात येतं. पण परत आले आणि ती जागच्या जागीच असली तर... म्हणून अजून तरी केबल मीच काढते.