मामेसासऱ्यांचा कोरा चेहरा

माझ्या मामेसासऱ्यांच्या चेहऱ्यावरून आजवर कोणालाही, कधीही, काहीही कळलेलं नाही. चेहरा न हलवता समोरच्याची बिनपाण्याने हजामत करणं ही आमच्या पुण्यातली घरोघरची कला आहे आणि तिचं इथे कोणाला फारसं कौतुकही नाही. पण पुणेकराकडे बघून निदान तो आपला अपमान करतो आहे एवढं तरी लक्षात येतं. मामांकडे बघून तेही येत नाही. मी त्यांच्या भाचीला पाहायला गेलो तेव्हा ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होते. मी माझं शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, मग त्या चेहऱ्याला घाबरून कोणी विचारलेलं नसताना माझ्या मूळव्याधीचंही सांगून टाकलं. आपण नापास झालो अशी खात्री बाळगून मी घरी आलो. पुढे लग्न झाल्यावर बायकोने सांगितलं, की मी गेल्यावर मामा म्हणाले होते, "मुलगा बरा आहे." त्यांच्याकडे यापेक्षा वरची श्रेणी नाही.

मामा नारायण पेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, पण कोणी विचारलं तर "मी पर्यवेक्षक होतो" असंच सांगतात. भूगोल काय, कोणीही शिकवतो. परीक्षेच्या वर्गात तीन तास हजर राहून मुलांना आपण तिथे नाहीच असं वाटायला लावणं, याला साधना लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते रबरी तळाचे बूट घालायचे, खोकला आला तर व्हरांड्यात जाऊन खोकायचे, आणि कोणाच्याही पेपरावरून नजर फिरवताना तोंडावरची रेघ हलू द्यायचे नाहीत. "मुलगा उत्तर लिहितो आणि मान वर करून आपल्याकडे बघतो. आपण नुसती भुवई उडवली तरी ती कॉपीच झाली," हा त्यांचा सिद्धांत. ते निवृत्त झाले, पण हात मागे बांधून रांगांमधून फिरायची सवय काही निवृत्त झाली नाही. आमच्या लग्नात ते पंगतीतून असे फिरले, की माझ्या सख्ख्या काकांनी आपल्या पानातली तिसरी जिलबी उचलून गुपचूप शेजाऱ्याच्या पानात सरकवली. घरी पाहुणे आले तर ठरावीक वेळानंतर मामा उभे राहून शांतपणे जाहीर करतात, "शेवटची दहा मिनिटं." पाहुणे घाईने चहा संपवतात, चपला शोधतात आणि जातात. राग मात्र कोणाला येत नाही, कारण सूचना सगळ्यांना सारखी असते.

अशा माणसाची आणि माझी गाठ परीक्षेवरून पडावी यात दोष अर्थातच माझ्या विचारांचा. आमच्या एकुलत्या एका मुलीला, ओवीला, आम्ही चौथीनंतर शाळेतून काढलं आणि कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घरशाळा सुरू केली. का, असं कोणी विचारलं तर मी त्या दिवसांत पाऊण तास बोलायचो. परीक्षा हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा उच्चारला जायचा. ओवी अपूर्णांक शिकली ते थालीपिठावर. तिला अपूर्णांक आले आणि माझं वजन वाढलं. क्षेत्रफळ ती सोसायटीच्या गच्चीवर शिकली, त्यापायी आमच्या सेक्रेटरींना आम्ही वरचा मजला चढवणार असा संशय आला. इतिहासासाठी आम्ही दोघं कसबा पेठेच्या गल्ल्या पायी तुडवायचो. घरशाळा करणाऱ्या पालकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, तिथे मी 'मूल म्हणजे मार्क नव्हे' अशा चालीचे विचार रोज सकाळी मांडायचो आणि किती जणांनी अंगठा दाखवला ते दुपारपर्यंत चारदा बघायचो. मार्कांवर माझा विश्वास नव्हता, तो असा.

मग पंधरा वर्षांची झाल्यावर ओवी एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मला अकरावीला कॉलेजात जायचंय. मला मैत्रिणी हव्यात. तू आणि आई छान आहात, पण तुम्ही काही मैत्रिणी नाही." कॉलेज म्हणजे आधी दहावी. दहावी मुक्त विद्यालयातून देता येते, पण ती देताना थालीपीठ चालत नाही. ग्रुपमधल्या पालकांनी मिळून एका हॉलमध्ये मुलांची सराव परीक्षा ठेवली. गच्चीवर अख्खा धडा इस्त्रीवाल्याला समजावून सांगणारी माझी मुलगी तिथे वेळ संपेपर्यंत बसून राहिली आणि पेपरावर फक्त स्वतःचं नाव लिहून बाहेर आली. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. स्कूटरवरून घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला मी तिला सांगत होतो, की मार्कांना काही अर्थ नसतो. त्या दिवसानंतर छापील प्रश्नपत्रिका दिसली तरी ती उठून बाथरूममध्ये जाऊन बसायची. मी ग्रुपवर विचार मांडायचे थांबवले. बायकोने मामांना फोन केला.

मामा आले, त्यांनी टेबल भिंतीकडे वळवलं, आणि ओवीला म्हणाले, "बसा." परीक्षार्थी म्हटला की मामा त्याला अहोजाहो करतात, मग ती नात का असेना. पहिला प्रश्न निघाला तो बसण्याचाच. ओवी आजवर सगळी गणितं जमिनीवर पालथं पडून सोडवत आली होती. "पालथं पडायची सोय परीक्षा मंडळाने अजून केलेली नाही," मामा म्हणाले. मग त्यांनी तिच्यासमोर उत्तरपत्रिका ठेवली आणि असा नियम सांगितला, की मी खुर्चीतून निम्मा उठलो. "या आठवड्यात पेपर कोरा द्यायचा. पूर्ण वेळ बसायचं, आणि एक अक्षर लिहायचं नाही."

"मामा, कोरा पेपर ती आधीच देऊन आली आहे," मी म्हणालो.

"तो भीतीने दिलेला होता. हा रीतसर देतील."

आणि खरोखर, रोज संध्याकाळी माझी मुलगी कोरा पेपर द्यायचा सराव करू लागली. मामा रबरी बूट घालून तिच्या मागून फिरायचे. वेळ संपली की तिच्या हातातून तो कोरा पेपर घ्यायचे, लग्नपत्रिका घ्यावी तशा अदबीने, आणि "ठीक," म्हणून तिला चिक्की द्यायचे. मी बायकोला म्हणालो, की तुझे मामा माझ्या मुलीला नापास होण्याची तालीम देताहेत. बायको म्हणाली, "देऊ देत. तिच्या हाताला हात लावून बघ." हात गार नव्हते. चार-पाच दिवसांनी ओवी खुर्चीत चुळबुळ करायला लागली. शेवटी तिने हात वर केला. "मामाआजोबा, दुसरा प्रश्न अगदीच सोपा आहे हो. एवढं एक लिहिलं तर?"

मामांनी विचार केला. "नियमात बसत नाही," ते म्हणाले. "पण आपण पेन्सिलीने लिहा."

त्यानंतर ओवीची पेन्सिल चालायला लागली आणि पाठोपाठ पेनही. इथे मी हुश्श म्हणून सोफ्यावर बसलो, आणि तिथेच माझी परीक्षा सुरू झाली. मामांच्या लक्षात आलं, की काही दिवस ओवी भराभर लिहिते आणि काही दिवस दगडासारखी बसते. त्यांनी मला सामानासारखं घरभर हलवून पाहिलं. "जावईबापू, जरा गॅलरीत जा." मी गेलो, पेन सुरू. "आता आत या." मी आलो, पेन बंद. "स्वयंपाकघरात जा, पण दारातून दिसाल असे उभे राहा." पेन अडखळत सुरू. हा प्रयोग दोन संध्याकाळी चालला. माझा चहा गॅलरीत गार झाला, आणि समोरच्या इमारतीतल्या आजी मला तिथून हातवारे करून काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

"निदान झालं," मामा म्हणाले. "मुलीला परीक्षेची भीती नाही. तुमच्या चेहऱ्याची आहे."

मी अर्थात उसळलो. मी तिला कधी रागावलो नाही, मार्क हा शब्द उच्चारला नाही, वगैरे सगळं सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि ओवीकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, तू स्कूटरवर सारखं सांगत होतास ना, मार्कांना अर्थ नाही म्हणून? तेव्हा मला आरशात तुझा चेहरा दिसत होता. आपल्या घरी कोणीतरी गेल्यासारखा." एवढी वर्षं परीक्षेला घरात शिरू दिलं नाही म्हणून मी छाती फुगवून फिरत होतो, आणि ती माझ्याच तोंडावर बसून घरभर हिंडत होती. माझी मलाच मनापासून लाज वाटली.

मग मामांनी मला शिकवणी लावली. ओवीचा सोडवलेला पेपर माझ्या हातात द्यायचा, मी वाचायचा, आणि ते समोर बसून माझं तोंड तपासणार. "उजवी भुवई," ते म्हणायचे. "ओठ." "आता नाक. नाकाने काळजी करू नका." कधी मुद्दाम सांगायचे, "पाचव्या गणितात गडबड आहे हं," आणि मी दचकलो की पहिल्यापासून सुरुवात. बायको आणि ओवी हा तास बघायला दाणे घेऊन बसायच्या. मी ऑफिसातही सराव करू लागलो. आमच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली तेव्हा मी तो नवा चेहरा लावून बसलो. साहेबांना वाटलं मला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, आणि संध्याकाळी त्यांनी मला स्वतः कॉफी आणून दिली. यश डोक्यात गेलं. बायको नवी साडी नेसून समोर आली तेव्हाही मी तोच चेहरा ठेवला. पुढचे दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं.

परीक्षेचे दिवस आले. केंद्र शहरातल्या एका जुन्या शाळेत होतं. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी. कोणी मुलाच्या तोंडात दही-साखर कोंबतंय, कोणी शेवटचं सूत्र विचारतंय, कोणी नुसतंच "टेन्शन घेऊ नकोस" असं किंचाळतंय. मामा आणि मी एका बाजूला दोन खांबांसारखे उभे. पहिला पेपर सुटला, ओवी बाहेर आली, तिने नीट निरखून माझ्याकडे पाहिलं. तिथे काही सापडलं नाही. "मला भूक लागलीये," ती म्हणाली. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "बरा आहे." ही श्रेणी मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत होती आणि मला हसू फुटत होतं, पण हसायची परवानगी नव्हती.

ओवी पास झाली, चांगली झाली, आणि आता ती कॉलेजात जाते. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते शेवटच्या पेपरचं. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि आम्ही दोघं शाळेच्या भिंतीच्या सावलीत उभे होतो. घंटेला थोडा वेळ होता. मामा फाटकाकडे बघत एकाएकी म्हणाले, "आज ती बाहेर आली की चेहरा सोडा, जावईबापू. हसा, ओरडा, काय हवं ते करा."

"आज पर्यवेक्षण नाही?" मी विचारलं.

"ते फाटकाच्या आत असतं. बाहेर आल्यावर सोडायचं असतं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं." त्यांचा मुलगा कॅनडात असतो, एवढंच मला आजवर माहीत होतं. "आमचे चिरंजीव पेपर देऊन आले की असेच माझ्याकडे बघायचे. मी हाच चेहरा ठेवायचो. स्वतःच्या मुलाला वेगळा न्याय नको, म्हणून. निकाल लागला, बोर्डात नाव आलं, तेव्हाही हाच. आता रविवारी त्यांचा फोन येतो. सगळं ठीक आहे म्हणतात. त्यांच्या आवाजावरून मला काही म्हणजे काही कळत नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मला त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण मामेसासऱ्यांचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही. तेवढ्यात घंटा झाली.

मुलं लोंढ्याने बाहेर आली. मी सगळे दात काढून तयार होतो. ओवी दिसली, तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुली होत्या, कुठल्या कोण जाणे, याच वर्गात भेटलेल्या असणार. कुठल्यातरी प्रश्नावरून तिघी हातवारे करून भांडत होत्या आणि मध्येच खो खो हसत होत्या. ओवी माझ्यापर्यंत आली, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, "बाबा, हे धर हं, आम्ही भेळ खाऊन येतो," असं त्या मुलींकडे बघतच म्हणाली, आणि गेलीसुद्धा. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. त्याची तिला आता गरज नव्हती. याचसाठी सगळा खटाटोप केला होता, मला आनंदच झाला होता, आणि तरी तिने एकदा वळून बघावं असं वाटत होतं.

मी तोंडावर ते हसू घेऊन तसाच उभा राहिलो. बाजूला पाहिलं तर मामाही हसत होते. सवय नसल्यामुळे ते एकाच बाजूने हसत होते, आणि रस्त्याच्या वळणावर तिघी दिसेनाशा झाल्या तरी ते तिकडेच बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातली बाटली आपल्या हातात घेतली.

"काय जावईबापू," ते म्हणाले, "कसा गेला पेपर?"

"सोपा होता, मामा," मी म्हणालो. "पण वेळ पुरला नाही."