पट्ट्याचं पायताण

आमच्या पेठेत बायकांनी पायताण घालू नये असं कुणी म्हणत नव्हतं. घाला की! फक्त तालमीचा कट्टा आला की काढायचं, पदराखाली हातात धरायचं, अनवाणी पुढं जायचं आणि कट्टा मागं पडला की परत पायात सरकवायचं. का, तर कट्ट्यावर वडीलधारी माणसं बसलेली असतात. आता वडीलधारी म्हणजे कोण? घरात कुणी ऐकेना म्हणून बाहेर येऊन बसलेले चार म्हातारे. तंबाखू मळायची, पिचकारी मारायची आणि कुणाची सून पायताण घालून गेली ते बघायचं. आयुष्यात मन लावून त्यांनी एवढं एकच काम केलं असावं.

त्यांचा म्होरक्या आमच्याच घरातला, माझ्या सासऱ्यांचा थोरला भाऊ. तरुणपणी कुस्त्या मारल्या म्हणून सांगायचे. कुणाबरोबर, ते कधी कळलं नाही. पायात तेल पाजलेली, करकर वाजणारी कापशी चप्पल. कट्ट्यावरून उतरायला दोघांनी दोन दंडांना धरायला लागायचं, पण "काठी घ्या" म्हटलं की अंगावर धावून यायचे. म्हणजे यायला बघायचे. धावणं कधीच संपलं होतं.

मी मुरगूडची. लग्न होऊन आले ते सत्तर सालाच्या आगंमागं. सासूला आमच्यात आत्ती म्हणतात. आत्तींच्या पायांची तेव्हाच दशा झालेली. अंगठ्याखाली कुरूप, टाचा भेगाळलेल्या, आणि तळव्यांना काही कळायचंच नाही. एकदा काच रुतली, ती त्यांना नाही, फरशीवर रक्ताचे ठसे बघून मला कळली. तरी रोज संध्याकाळी मागच्या गल्लीत धाकट्या बहिणीकडं जायच्या. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर तेवढंच काय ते त्यांचं स्वतःचं. आणि वाट एकच, कट्ट्यापुढनं.

कट्टा आला की आत्ती एका पायावर उभ्या राहायच्या, दुसरा पाय उचलून पायताण काढायच्या. धरायला काय? तर कट्ट्याला टेकून ठेवलेली कुणाची तरी सायकल. एके दिवशी ती सायकल नुसतीच स्टँडला लावलेली होती. आत्तींनी सीट धरलं, पाय उचलला, आणि सायकल घेऊन आडव्या.

मी मागनं भाजी घेऊन येत होते. पिशवी टाकून पळाले. कट्ट्यावरचा एक म्हातारा उठला तेव्हा मला वाटलं, चला, माणुसकी आहे. तर तो म्हणतोय कसा, "हँडल वाकलं काय बघा रं!"

हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं, कंबर काळीनिळी झाली. डॉक्टर तरुण होता, घरी येऊन पाय उलटेपालटे करून बघितले. म्हणाला, "एका पायावर उभं राहायचं न्हाई. अनवाणी एक पाऊल टाकायचं न्हाई. मऊ तळाचं, मागनं पट्टा असलेलं पायताण घाला. चालताना मान वळवून मागं बघू नका, तोल जातोय. परत पडला तर मांडीचं हाड जाईल, मग काय उठत न्हाई बघा तुम्ही."

थोरल्यांनी कट्ट्यावरनं निरोप धाडला, आता त्यांना घरातच बसवा. काय ती काळजी! दोन मिनिटं तोंड फिरवून बसावं, हे मात्र एकालाही सुचलं नाही.

आत्ती बसल्याही. बहिणीचं नाव काढेनात, जेवणावरची वासना गेली. उंबऱ्याशी बसून आपल्याच पायांकडं बघत राहायच्या. मला ते बघवेना. चांभाराकडं जाऊन मी मऊ तळाचं, घोट्यामागं पट्टा आणि बक्कल असलेलं पायताण करून आणलं.

"अगं, हे काढायचं कसं?" आत्ती म्हणाल्या. "ह्याला बसायला लागतंय की."

"मग बसा की," मी म्हणाले.

आत्तींनी पायताण चढवलं, बक्कल लावून घेतलं. मग पदर डोक्यावर घेतला.

कट्ट्याजवळ आलो. चारी म्हातारे सावरून बसले. थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नसत, म्हणून आत्ती मला म्हणाल्या, पण पार टोकाच्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "सूनबाई, थोरल्या भाऊजींस्नी जरा सरकायला सांग. बसल्याबिगर पट्टा सुटत न्हाई माझा."

आणि टेकायला पुढं झाल्या की हो! बाई, आणि कट्ट्यावर! थोरल्यांचं तोंड असं झालं, जसं काय कुस्तीत पाठीला माती लागली. घाईघाईनं शेजारच्याला म्हणाले, "अरं, सांग त्यास्नी... ऱ्हाऊ दे म्हणावं. तसंच जावा म्हणावं."

"व्हय, तसंच जावा," शेजारचा म्हणाला.

"काढलं असतं की," आत्ती म्हणाल्या.

"नको, नको!" चौघंही एकदम.

झालं. पिढ्यान् पिढ्यांची रीत म्हणत होते, ती एका बकलापुढं गडबडली. आत्ती पायताणासकट सावकाश बहिणीच्या गल्लीकडं चालू लागल्या. मी वळून वळून चौघांची तोंडं बघून घेतली. आत्तींनी एकदाही बघितलं नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं ना, मान वळवली की तोल जातोय.